शनिवार-रविवारचा फोटोग्राफर: मागची ओळ फोकसबाहेर गेली, आता पार्टीला काय सांगू?

उन्हाची_तिरीप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पण आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

दिवसा अकाउंट्समध्ये नोकरी करते. गेली दोन वर्षं शनिवार-रविवारी पोर्ट्रेट आणि कुटुंबाचे फोटो काढून देते, रीतसर पैसे घेऊन. महिन्याला दोन शूट, फार तर तीन. आजवर सगळं बरं चाललं होतं.

सहा आठवड्यांपूर्वी नऊ जणांचं एक कुटुंब आलं. तीन खुर्च्यांवर आजी, आजोबा आणि मोठी सून, सुनेच्या मांडीवर दीड वर्षाचं बाळ, मागे पाच जण उभे. संध्याकाळ उतरत आलेली. ८५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/२ म्हणजे भरपूर उघडं, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. फोकस बाळाच्या डोळ्यांवर, कारण ते एकटंच हलत होतं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं छान दिसलं. घरी येऊन मोठं करून बघते तर बाळ कडक (म्हणजे अगदी सुस्पष्ट), आजी ठीक, आणि मागचे पाचही जण लोण्यासारखे मऊ. त्या मांडणीचे २२ फोटो आहेत, बावीसच्या बावीस तसेच. सुटे फोटो, आजी-आजोबांचे, बाळाचे, ते सगळे उत्तम आलेत.

आणि मी त्यांना सांगितलंच नाही. 'एडिट चालू आहे' असं पाच आठवडे म्हणतेय. दरम्यान शार्पन करणारी दोन एआय सॉफ्टवेअरं लावून पाहिली. एकाने काकांना नवीनच डोळे बसवले, माणूसच बदलला. काल त्यांचा मेसेज आला की एकत्र फोटो १२ बाय १८ इंचांत फ्रेम करायचाय, कधी मिळेल?

दोन प्रश्न. एक, आता काय करू? दुसरा जरा मोठा. दर वेळी तासा-दीड तासाचं शूट मला आठवडाभर पुरतं. नोकरी सांभाळून हे कसं जमवता?

जुना_निगेटिव्ह

फोन उचला आणि सांगा. आज. इथली उत्तरं वाचायच्या आधी.

फिल्मच्या काळात माझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर) १/६० होता आणि एका घरी डायल १/१२५ वर राहिला. फ्लॅश उडाला तोवर शटरचा दुसरा पडदा अर्ध्यावर आलेला. रोल धुतला तर प्रत्येक फोटोत निम्मी चौकट काळी, निम्मं घर उजेडात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. बोलणी खाल्ली. पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमले आणि नंतर त्या घराने मला पंधरा वर्षं काम दिलं. मी आठवडाभर तोंड लपवलं असतं तर त्यांना काळी चौकट नाही, लपवणं लक्षात राहिलं असतं. तुम्ही पाच आठवडे लपवलंय.

मधली_ओळ

मी फोटोत कायम मागच्या ओळीत उभा राहणारा माणूस आहे. आमच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, निवांत राहा. :)

(गंमत केली. निगेटिव्हकाकांशी सहमत.)

गणिती_बोका

तुम्ही आणि ते कुटुंब यांत अंतर किती होतं? आणि बाळाच्या डोळ्यांपासून मागच्यांचे डोळे अंदाजे किती मागे? सेन्सर फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी) आहे का? आकडे द्या, हिशेब मांडून देतो.

उन्हाची_तिरीप

फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल. पावलं आठवतात त्यावरून सात मीटरच्या आसपास. बाळ मांडीवर पुढे सरकून बसलेलं, मागचे खुर्च्यांच्या पाठी, म्हणजे ८० सेंटीमीटर धरू.

काका, फोन संध्याकाळी करते. ऑफिसात महिनाअखेर चालू आहे.

जुना_निगेटिव्ह

महिनाअखेर दर महिन्याला असते.

गणिती_बोका

हं. ८५ मिमी, एफ/२, सात मीटर. नेहमीचा निकष धरला (सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसरपणा डोळ्याला कडकच वाटतो) तर फोकसच्या पुढे साधारण ३८ सेंटीमीटर आणि मागे ४३ सेंटीमीटर एवढाच पट्टा कडक मिळतो. मागची ओळ ८० वर उभी. बिचारी पट्ट्याबाहेर गेलीच.

तुम्ही एफ/५.६ ठेवला असता (भोक लहान) तर मागे सव्वा मीटरहून जास्त जागा मिळाली असती, ओळ सहज आत बसली असती. एफ/२ ते एफ/५.६ म्हणजे तीन स्टॉप, दर स्टॉपला उजेड निम्मा. ४०० चा आयएसओ ३२०० झाला असता. त्यातला एक स्टॉप शटरमधून काढून १/१२५ केला असता तर १६०० वर भागलं असतं. आजच्या कुठल्याही फुल फ्रेम कॅमेऱ्याला १६०० म्हणजे काही नाही. तुम्ही दाण्यांना (आयएसओ वाढवला की फोटोत येतात ते) घाबरलात आणि माणसं गमावलीत. दाणेदार फोटो छापता येतो. मऊ चेहरा कशानेच परत येत नाही, हे तुम्ही पाहिलंच.

आणखी एक. फोकस बाळावर न धरता खुर्चीतल्या आजोबांवर धरला असता तरी पट्टा थोडा मागे सरकला असता. दोन ओळी असतील तर पुढच्या ओळीवर फोकस धरून मागची ओळही पट्ट्यात यावी एवढं अ‍ॅपर्चर बंद करायचं. तीन ओळी असतील तर मधल्या ओळीवर. (मधली_ओळ, तुमचा दिवस उजाडला.)

खडूस_वाचक

हेच मोबाइलने काढलं असतं तर नऊही जण कडक आले असते. एवढी लेन्स बाळगून शेवटी काय मिळवलं?

गणिती_बोका

बरोबर आहे, आले असते. मोबाइलचा सेन्सर लहान, लेन्सची खरी फोकल लेंथ जेमतेम पाच-सात मिमी, त्यामुळे पट्टा आपोआप खोल असतो. पण मोबाइलच्या मुख्य लेन्सने नऊ जण चौकटीत भरायला जवळ जाऊन उभं राहावं लागतं. मग कडेची माणसं आडवी ताणली जातात आणि पुढे बसलेल्यांची डोकी मागच्यांपेक्षा मोठी दिसतात. चेहऱ्याची ठेवण बिघडते ती जवळ गेल्यामुळे, लेन्सच्या आकड्यामुळे नाही. सेल्फीत नाक मोठं का दिसतं, त्याचं उत्तर हेच.

निळी_छत्री

धागा छान चाललाय, वाचनखूण साठवली. मीही अर्धवेळवाली, सात वर्षं झाली. फोकसचं झालं, आता डोळे मिटण्याचं घ्या, कारण मोठ्या गटात तेच जास्त छळतं.

यावर खरोखरच गणित झालंय. दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांना २००६ चा गणितातला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) याच कामासाठी मिळाला. गटात एकाचेही डोळे मिटलेले नकोत तर किती फोटो काढावेत? वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. म्हणजे तुमच्या नऊ जणांना चांगल्या उजेडात तीन, कमी उजेडात पाच. मी तरी दुप्पट काढते, कारण त्या हिशेबात लहान मूल धरलेलं नाही.

माझी दुसरी युक्ती. सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचे, तीन आकडे मोजायचे, 'उघडा' म्हणायचं आणि अर्ध्या सेकंदाने बटण दाबायचं. डोळेही उघडे मिळतात आणि चेहऱ्यावरचा ओढून आणलेला भावही पुसला जातो.

चष्म्यात खिडकी चमकत असेल तर काड्या कानांवरून किंचित वर उचलायच्या, म्हणजे काचा खाली झुकतात. एखाद-दोन अंश पुरतात. समोरच्याला कळतही नाही. चष्मा काढायला मात्र सांगू नका. रोज चष्मा लावणारा माणूस चष्म्याशिवाय त्याच्या घरच्यांनाच ओळखू येत नाही.

दोन_पिल्लं

मी कॅमेऱ्याच्या पलीकडची. दोन मुलांची आई. दर वर्षी फोटो काढून घेतो आम्ही, तीन वेगवेगळे फोटोग्राफर झाले. आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगू का?

एक, मुलांचं काम आधी उरकून घ्या. आमची पिल्लं वीस मिनिटं माणसात असतात. एका फोटोग्राफरने आधी अर्धा तास आम्हा नवरा-बायकोचे काढले. मुलांची पाळी आली तेव्हा धाकटा जमिनीवर आडवा.

दोन, मुलाला 'हस' म्हणू नका. तो दात दाखवतो. आणि आजूबाजूच्या नातेवाइकांना गप्प बसवा. पाच जण पाच दिशांनी हाका मारतात आणि मूल गोंधळून सहावीकडे बघतं. दुसऱ्या वर्षी जे आले होते त्यांनी फक्त मला स्वतःच्या खांद्यामागे उभं केलं, अगदी लेन्सच्या वर माझं तोंड येईल असं, आणि म्हणाले, 'तुम्ही एकट्याच बोला, हळू बोला.' मोठीची नजर थेट लेन्समध्ये आली. तो फोटो अजून दारासमोर आहे.

तीन, उशीर होणार असेल तर आधी सांगा. तीन आठवडे लागतील म्हणाले असते तर आम्ही तीन आठवडे विसरून गेलो असतो. पुढच्या आठवड्यात देतो म्हणून पाच आठवडे लावले की आम्ही रोज मोबाइल बघतो. तिरीपताई, त्या घरात आत्ता हेच चालू असणार.

उन्हाची_तिरीप

@दोन_पिल्लं, शेवटचं वाक्य लागलं. योग्य जागी लागलं.

पूर्णवेळ_पोटासाठी

जरा कडू बोलतो, चालवून घ्या.

मी हे पोटासाठी करतो. शनिवार-रविवारवाल्यांबद्दल माझी तक्रार त्यांच्या फोटोंची नाही. त्यांच्यातले काही माझ्यापेक्षा चांगले काढतात. तक्रार हिशेबाची आहे. पगार दुसरीकडून येतो म्हणून शूटच्या त्या एका तासाचेच पैसे लावतात, आणि मग ग्राहक मला विचारतो, 'तासाभराचे एवढे?'

ताई, तुम्ही अकाउंट्समधल्या आहात. एका शूटचा वेळ कागदावर मांडून बघा. माझा असा होतो. आधीचं बोलणं, मेसेज, जागा ठरवणं एक तास. बॅटऱ्या, कार्डं, सामान अर्धा तास. जाणं-येणं दीड तास. शूट दीड तास. कार्ड उतरवणं, दोन ठिकाणी कॉपी, अर्धा तास. सहाशे फोटोंतून चाळीस निवडणं दीड तास. चाळीस फोटो, प्रत्येकी सहा मिनिटं, चार तास. पाठवणं, दुरुस्त्या, प्रिंटची भानगड एक तास. झाले साडेअकरा. तुम्ही दीड तासाचं बिल करता आणि उरलेले दहा तास झोपेतून काढता. मग आठवडा पुरत नाही यात नवल ते काय?

त्यातच कॅमेऱ्याची झीज, सॉफ्टवेअरचं भाडं, विमा आणि कर. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय तेही एकदा वाचा. अर्धवेळवाले हे कागद कपाटातच ठेवतात.

निळी_छत्री

@पूर्णवेळ, कडू असलं तरी खरं आहे. मी पहिली तीन वर्षं हाच मूर्खपणा केला. नंतर दर वाढवला आणि कामं निम्मी केली. हातात जवळपास तेवढेच पैसे, आणि महिन्यातले दोन रविवार माझे.

वेळ कुठे वाचतो ते सांगते. निवड करताना मी वाईट फोटो काढून टाकत नाही, चांगले उचलते. ऐकायला सारखंच वाटतं, पण सहाशेतले साडेपाचशे नाकारायला साडेपाचशे निर्णय लागतात, पन्नास उचलायला पन्नासच. पहिली फेरी त्याच रात्री करायची, अंगात शूट असतं तोवर. दुसऱ्या दिवशी ऑफिस झालं की तो फोटो का काढला हेच आठवत नाही.

शूट सुरू करताना त्या उजेडात ग्रे कार्डाचा (राखाडी पुठ्ठ्याचा) एक फोटो घ्यायचा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) एकदाच ठरतो आणि सगळ्यांना लागू करता येतो. झाडाखाली हिरवळीवर बसवलंत तर हनुवटीखाली हिरवी छटा चढते, कारण गवत उजेड परावर्तित करतं. घरात खिडकीपाशी काढताना खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, बल्ब पिवळा. अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. ते दुरुस्त करण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत आणि उपाय काय, तर एक बटण.

खडूस_वाचक

एवढे चाळीस फोटो बघतं कोण? लिंक येते, सगळे 'वा' म्हणतात, पुन्हा कुणी उघडत नाही.

पूर्णवेळ_पोटासाठी

पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. म्हणून मी प्रत्येक कामात किमान एक प्रिंट देतोच. त्यात एक खोच आहे, नवीन लोकांनी लक्षात ठेवा. कॅमेऱ्याची चौकट ३:२, म्हणजे ८ बाय १२ पूर्ण येतो. फ्रेम मात्र ८ बाय १० ची मिळते आणि त्यात लांबीकडून दोन इंच जातात. गट चौकटीत घट्ट बसवलात तर कडेच्या मावशींचा खांदा आणि अख्खा हात फ्रेमवाल्याच्या टेबलाखाली पडतो. दोन्ही बाजूंना जागा सोडून काढा.

२४ मेगापिक्सेलवाल्यांनी घाबरू नये. ६००० बाय ४००० पिक्सेल, ३०० प्रति इंच धरले तरी २० बाय १३ इंच आरामात येतं.

नवा_भिडू_११

मधेच विचारतोय, माफ करा. मला नवजात बाळांचे फोटो सुरू करायचेत. हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बेडकासारखं बसलेलं बाळ असतं ना, तशी पोझ कशी देतात?

निळी_छत्री

देत नाहीत! तो एक फोटो नसतो. एकात कुणीतरी बाळाचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं, आणि नंतर दोन्ही जोडून हात पुसलेले असतात. बाळाला स्वतःच्या मानेचा भार पेलत नाही. प्रशिक्षणाशिवाय या वाटेला जाऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. पाठीवर झोपलेलं बाळ, गरम खोली, खिडकीचा उजेड, आईचा हात. एवढ्यावर वर्षभर काम करा आधी.

जुना_निगेटिव्ह

अवांतर. बाळाला धरणारा हात लपवणं नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात एक्स्पोजर काही सेकंदांचं असायचं आणि मूल तेवढं स्थिर बसेना. मग आईवर कापड टाकून तिलाच खुर्चीसारखं करायचे आणि मूल तिच्या मांडीवर. त्या जुन्या फोटोंत नीट पाहिलंत तर मुलामागचा पडदा गुडघ्यांच्या आकाराचा दिसतो. एकदा दिसला की मग मूल दिसतच नाही, पडदाच दिसतो.

आणि अर्धवेळ म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायचे, १८७४ च्या सुमारास छंद म्हणून कॅमेरा घेतला आणि नोकरी सोडली ती पुढच्या दशकात. पुढे पोर्ट्रेटसाठी नावाजलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन बाईंना १८६३ मध्ये लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या.

गणिती_बोका

आणि त्या बाईंना टीकाकार नेमकं फोकसवरूनच झोडपायचे! तिरीपताई, तुमच्या पार्टीला सांगून बघा, 'ही कॅमेरॉन शैली आहे'.

उन्हाची_तिरीप

हाहा. हसले, पण फोन करून झाल्यावर हसले.

काल रात्री केला. सूनबाईंनी उचलला. मी एका दमात सांगितलं की एकत्र फोटोत मागच्या पाच जणांचे चेहरे मऊ आलेत, चूक माझी आहे, अ‍ॅपर्चर चुकीचं ठेवलं, पाच आठवडे सांगायची हिंमत झाली नाही, पुन्हा विनामूल्य काढून देते किंवा पैसे परत करते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, 'चूक झाली ते ठीक. पण पहिल्या आठवड्यात सांगितलं असतंत तर दादा इथेच होते.'

थोरले दीर परदेशातून तीन वर्षांनी आले होते. त्यांच्यासाठीच सगळ्यांना जमवलं होतं. ते महिन्यापूर्वी परत परदेशी गेले.

मला हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

दोन_पिल्लं

अरेरे. :(

पूर्णवेळ_पोटासाठी

म्हणून बुकिंगच्या वेळी मी एक प्रश्न हमखास विचारतो: आत्ताच का काढताय? कुणी येतंय, कुणी जातंय, कुणाची तब्येत बरी नाही, काहीतरी कारण असतंच. ते कळलं की कुठला फोटो चुकून चालणार नाही ते कळतं. मग त्या एका मांडणीला दोनदा काढतो, एकदा एफ/५.६ वर, एकदा एफ/८ वर, आणि तिथेच स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून मागच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या माणसाचे डोळे बघतो. दहा सेकंद लागतात. लोक थांबतात, कुणी पळून जात नाही.

ही सवय मला अशीच लागली आहे, ताई. माझी गोष्ट कार्डाची आहे. एकच कार्ड, एकच स्लॉट, ते मेलं, आणि फोटो ज्या आजोबांचे होते ते तोवर... असो. आता दोन स्लॉटचा कॅमेरा, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिणं, घरी पोचताच तिसरी प्रत, आणि फोटो हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

गणिती_बोका

तिरीपताई, रात्रभर एक गोष्ट डोक्यात होती. पट्ट्याचा जो हिशेब मी दिला तो ठरावीक आकाराच्या, साधारण ८ बाय १० प्रिंटसाठीचा आहे. फोकसचा पट्टा काही निसर्गाने आखलेला नाही, प्रिंट किती मोठी आणि किती लांबून बघणार यावर तो ठरतो.

तुमच्या मागच्या ओळीचा धूसरपणा सेन्सरवर साधारण ०.०५ मिमी भरतो. १२ बाय १८ मध्ये तो बारापटीहून जास्त मोठा होईल, पाऊण मिलिमीटरच्या जवळ, ढळढळीत दिसेल. पण ४ बाय ६ मध्ये चारपट, म्हणजे पाव मिलिमीटरहून कमी. हातात धरून पाहिला तर डोळ्याला जेमतेम जाणवेल. टेबलावर ठेवून हातभर लांबून पाहिला तर जाणवणारही नाही.

२२ पैकी ज्यात दादांचे डोळे नीट उघडे आहेत तो निवडा, एआय बिलकुल लावू नका, साधं हलकं शार्पनिंग करा आणि ४ बाय ६ छापून स्वतः बघा.

जुना_निगेटिव्ह

बोक्या, हे चांगलं सांगितलंस. आमच्या वेळच्या निम्म्या घरगुती फोटोंचा फोकस असाच असायचा आणि ते पाकिटात मावतील एवढे असायचे म्हणून कुणाला कळलं नाही.

मधली_ओळ

मागच्या ओळीतर्फे आभार.

उन्हाची_तिरीप

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

४ बाय ६ छापून पाहिला. बोकोबा, तुम्ही बरोबर. मला दिसतं, कारण मला माहीत आहे. नवऱ्याला दाखवला, त्याने विचारलं, 'यात चुकलंय काय?' मग तसे तीन छापले आणि घेऊन गेले. सोबत १२ बाय १८ ची फाइल दाखवली, मोबाइलवर मोठी करून, की हा मोठा का करता येणार नाही. आजोबांनी छोटा फोटो चष्मा वर करून अगदी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. काही बोलले नाहीत. खिशात ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी आठ जणांचं पुन्हा शूट केलं. मागे चार उभे, तिरके उभे केले आणि खुर्च्यांना अगदी चिकटवून, म्हणजे अंतरच कमी. एफ/५.६, १/१२५, आयएसओ १६००. बाळ आता चालतं, त्यामुळे त्याला मांडीवर धरायला दोघं लागले. त्याच्या आईला माझ्या खांद्यामागे उभं करता येईना, कारण ती फोटोत होती, मग शेजारच्या काकूंना बोलावलं. डोळे मिटून उघडण्याचं केलं, त्यात बाळानेच फसवलं, त्याला तो खेळ वाटला आणि ते डोळे उघडेचना. अकरा फोटो लागले. तिथेच मोठं करून कोपऱ्यातल्या माणसाचे डोळे बघितले. पहिली निवड त्याच रात्री, फोटो आठव्या दिवशी हातात. सांगितले होते पंधरा.

मोठा भिंतीवर लागला. सूनबाईंनी मला फोटो पाठवला त्या भिंतीचा. मोठ्या फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, काच आणि लाकडाच्या फटीत, नऊ जणांचा छोटा खोचलेला आहे.

पैसे त्यांनी परत घेतले नाहीत, पण पुढचं काम देतीलच असंही वाटत नाही. ते बरोबरच आहे.

साडेअकरा तासांचा तक्ता मीही मांडला, माझे साडेतेरा निघाले. पुढच्या महिन्यापासून एकच शूट आणि महिनाअखेरच्या आठवड्यात शून्य. दराचं पत्रक नव्याने लिहितेय, त्यात 'आत्ताच का काढताय' हा रकाना घातला आहे. @पूर्णवेळ, तो रकाना सक्तीचा ठेवता का? काही लोकांना आगाऊपणा वाटेल का?

पूर्णवेळ_पोटासाठी

लेखी नको. फोनवर विचारा. रकान्यात लोक 'आठवण म्हणून' एवढंच लिहितात.